जहिराबींचा बंदोबस्त

१९४४ साली भिंगारच्या जहिराबींसमोर कुणालाही खोटं बोलता येत नसे. त्या रेशनच्या रांगेत उभ्या राहिल्या की दुकानदार आपणहून सांगायचा, "साखर आलीय, पण मागच्या खोलीत ठेवलीय."

ही जादू धोकादायक आहे, यावर कचेरीत सगळ्यांचं एकमत झालं. विष्णुपंत मास्तर तेवढे म्हणाले, "अहो, राहू द्या की बाईला मोकळं. तिनं कुणाचं काय बिघडवलंय?"

"तुमचं काय जातंय मास्तर? तुमच्याकडं लपवायला आहेच काय!" कारकून म्हणाला.

जहिराबींनी घराबाहेर पडायचं नाही आणि दारावर कायम शिपाई बसवायचा, असा हुकूम निघाला. तो वाचून दाखवायला अंमलदारसाहेब स्वतः त्यांच्या दारात आले, तेव्हा जहिराबी श्रीरामपूरला निघाल्या होत्या. त्यांच्या हातात बाळंतविड्याचं गाठोडं होतं.

"सायेब, आठ दिस तरी जाऊ द्या. लेक पहिलटकरीण हाय, तिथं तिला कुनी न्हाई."

"आधी हुकूम ऐका, बाई."

गल्ली गोळा झाली. कागदावर ठळक अक्षरांत लोकहिताचं कारण लिहिलेलं होतं. साहेबांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं :



"ज्याअर्थी माझ्या माडीवर रेशनच्या साखरेची सात पोती आहेत, त्याअर्थी या बाईला घरात डांबण्यात येत आहे."