साहेबांचा अर्धा चेहरा

कंपनीच्या वर्धापनदिनासाठी साहेबांना स्वतःचं रेखाचित्र हवं होतं, तेही दोन्ही बाजूंनी काटेकोर सारखं. ऑफिसातल्या डिझायनर मुलीने त्यांचा फोटो चित्रं काढायच्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये घेतला, अर्ध्याच चेहऱ्यावरून रेषा ओढल्या आणि त्यांची कॉपी आरशातल्यासारखी उलटी करून शेजारी जोडली. डाव्या अर्ध्यातून मायाळू, हसरा माणूस तयार झाला. मग तिने उजवा अर्धाही करून पाहिला, तर कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, आता कोणावर तरी खेकसणार असा माणूस निघाला. तिने दोन्ही चित्रं साहेबांपुढे ठेवली.

हसरं चित्र बघून साहेब खूश झाले. "याला म्हणतात चेहरा पकडणं! ते दुसरं टाक पुसून. मी असा दिसतो तरी का?"

आसपासचे सगळे एकदम कामाला लागले.

तेवढ्यात साहेबांची बायको आली. साहेबांनी मोठ्या कौतुकाने तिला स्क्रीनसमोर बसवलं. तिने चष्मा लावून दोन्ही चित्रं नीट निरखली.

"अहो, हे रागीट चित्र अगदी हुबेहूब आलंय. पण शेजारचे हसरे गृहस्थ कोण?"