झोका थांबल्यावर

गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की एस्तेर पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून मूक प्रार्थनेला बसायची. आपण बोलायचं नाही, देवाचं ऐकायचं, असं पाळकसाहेबांनी शिकवलं होतं.

"आज तरी काही बोलला का प्रभू?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही ना, आई. तो जवळ आहे की नाही, तेच कळेना झालंय."

"अन् पाळणा केव्हाचा थांबलाय, ते तरी कळलं का? आमचे भिया, आमचे बाळराजे, बघ कसे चूप पडलेत."

एस्तेरने दचकून पाळण्यात पाहिलं. एरवी झोका थांबला की टाहो फोडणारं बाळ टक्क जागं होतं आणि तिच्याकडे बघत स्वस्थ पडलं होतं. आई जवळ होती, तेवढं त्याला पुरत होतं.

दोरी तशीच सैल ठेवून एस्तेरने पुन्हा डोळे मिटले. ह्या वेळी ती कसल्याही आवाजाची वाट बघत नव्हती.