मूर्तिजापूरचा टेलर

पायलला पाहायला आलेल्या मुलाच्या आईने, चतुराबाईंनी पिशवीतून पांढरा शर्ट काढून सतरंजीवर पसरला आणि धर्मपालच्या बशीतला चहा पायजम्यावर सांडला.

"आमचा संघपाल म्हंजे विजेचा खांब," चतुराबाई म्हणाल्या. "रेडिमेड शर्ट त्याच्या आंगात झेंड्यावानी हालते. पायल, एवढा फिट करून दे माय. आमी बसतो इथंच."

मुलगा खाली मान घालून सतरंजीची नक्षी पाहत होता. धर्मपालने बायकोकडे पाहिले. सुंदराबाईंनी पोह्यांकडे पाहिले.

कारण या घरात शिवायचा तो फक्त धर्मपाल. जन्म गेला त्याचा एसटीच्या डेपोत, बसच्या सीटा शिवण्यात. निवृत्त झाला तेव्हा सोबत्यांनी शालीबरोबर सीटांच्या मरून रंगाच्या दोऱ्याचे भलेमोठे रीळ दिले. तेव्हापासून स्वतःच्या पँटी, सुंदराबाईंची पोलकी, पायलचे ड्रेस, सगळे तोच उसवायचा आणि अंगाबरोबर बसवायचा. पायल रोज ये-जा करून मूर्तिजापूरच्या बँकेत नोकरी करायची. तिथल्या मॅनेजर मॅडमच्या मिस्टरांचे शर्टही ती आणायची. बिचाऱ्याला धड टेलर मिळत नव्हता म्हणे. वर कापडाच्या रंगाचा दोरा आणि खाली बॉबिनमध्ये मरून, अशी धर्मपालची पद्धत. रीळ संपायचे नाव घेत नव्हते.

पायलला मात्र बटन लावता येत नव्हते. पण मुलगी पाहायला पाहुणे आले की घरातला प्रत्येक टाका मुलीच्याच हातचा असतो, ही जुनी रीत. त्यात हे अकोल्याचे स्थळ पायलच्याच मैत्रिणीने, आरतीने आणलेले. 'त्यांना शिवणारी सून पाहिजे,' असे आरती म्हणाली आणि सुंदराबाई बोलून गेल्या, "आमची तं मशीनवरून उठतच नाही!"

आजवर पायलने एकाचे नाक, दुसऱ्याचे हसणे, तिसऱ्याची मोटरसायकल नापसंत केली होती. या वेळी पहिल्यांदाच ती न सांगता साडी नेसली होती. हे स्थळ हातचे जाऊ नये म्हणून धर्मपालचा जीव टांगणीला लागला होता.

"मूर्तिजापूरले एक टेलर हाय म्हंते," चतुराबाई पुढे म्हणाल्या. "संघपाल त्याच्याकडूनच फिट करून आणते. हा आंगातला पाहा ना. पण किती दिवस परक्याच्या दारी जावं?"

धर्मपालने पाहिले. साधाच आकाशी शर्ट, पण अंगावर ओतल्यासारखा बसला होता. मूर्तिजापुरात असा कारागीर? त्याच्या पोटात दुखले.

"पान घेऊन येतो," म्हणून तो उठला, बाहेर पडला, बोळीतून वळसा घालून मागच्या दाराने आतल्या खोलीत शिरला. शर्ट घेऊन आत आलेली पायल मशीनसमोर गालावर हात ठेवून बसली होती.

"माप कुठं हाय?" त्याने कुजबुजत विचारले.

"बाबा, तुमी नेहमी करता तसं करा ना."

पोट्टीला काडीची फिकीर नव्हती! धर्मपालने पांढरा शर्ट हाती घेतला. मग त्याला सुचले, मॅनेजर मॅडमचे मिस्टर असेच लांबलचक असावेत. तेच माप धरू, पुढचे नशीब. त्याने ब्लेडने बगला उसवल्या, खडूची रेघ ओढली आणि पाय मारायला सुरुवात केली. आज त्याला नुसता शर्ट शिवायचा नव्हता, त्या मूर्तिजापूरवाल्याची जिरवायची होती.

"ऐका, लागली माही पोट्टी कामाले," बाहेर सुंदराबाई म्हणाल्या.

"थांबा, हात पाहतो जरा पोरीचा," म्हणत चतुराबाई उठल्या.

शेवटची टीप नुकतीच झाली होती. धर्मपालने दोरा तोडला आणि पलंगाखाली सूर मारला. पायल झटकन मशीनवर बसली आणि जोरजोरात पाय मारू लागली.

"कावून वं, शर्ट तं बाजूले पडला हाय!"

"शिवून झालं की मशीन थोडी रिकामी चालवा लागते मावशी. थंडी होते."

पलंगाखाली धर्मपालने कपाळाला हात लावला. पण चतुराबाईंनी गंभीरपणे मान हलवली. शिवणातले त्यांनाही ओ की ठो कळत नव्हते.

त्या बाहेर गेल्यावर धर्मपाल आल्या वाटेने परत आला. "पानठेला बंद हाय," त्याने सांगितले. गुडघ्यांना जाळे लागले होते, ते सुंदराबाईंनी पदराने झटकले.

संघपाल आत जाऊन शर्ट बदलून आला. खांदा खांद्यावर, बगल बगलेत, कुठे चुणी म्हणून नाही. चतुराबाईंनी त्याला गोल फिरवले.

"अवं बाई! न मोजता?" त्या पायलकडे पाहतच राहिल्या. "आता कोणाले जायचं हाय त्या मूर्तिजापूरच्या टेलरकडं! आमची पसंती हाय धर्मपालभाऊ. साक्षगंधाची तारीख काढा."

पायल लाजली. सुंदराबाईंनी देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या डब्यातून पेढे काढले. धर्मपालने एक पेढा तोंडात टाकला. पोरगी परक्या घरी जाणार याचे वाईटही वाटत होते आणि आपण त्या टेलरला मात दिली याचा आनंदही मावत नव्हता.

"पोरा, तुहा जुना शर्ट आत राहिला असंल. आणतो मी," तो म्हणाला.

"राहू द्या बाबा, मी आणतो!" संघपाल एकदम उठला. तो आल्यापासून पहिल्यांदाच बोलला होता.

"बस रे. जावयाले कामाले लावू काय?"

आकाशी शर्ट पलंगावर पडला होता. एवढे नाव झालेला माणूस हाताचा कसा आहे, ते एकदा पाहून घ्यावे म्हणून धर्मपालने तो उलटा केला.

बगलेपासून खालच्या घेरापर्यंत आतून एक मरून टीप सरळ धावत गेली होती.