गाडी फाटकाशी आली की

थोरले लोखंडी जिना चढून कागदाच्या मशीनशेजारच्या मचाणावर आले आणि कठड्याला धरून दम खात उभे राहिले. पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नव्हतं. धाकटा भाऊ पहाटे गेला होता, आणि त्याला घेऊन स्मशानाकडे निघालेली गाडी आता कारखान्याच्या फाटकावरून जाणार होती.

“गाडी फाटकाशी आली की मशीन बंद करायचं,” ते ऑपरेटरला म्हणाले. “मी हात वर करीन.”

ऑपरेटरने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. हल्ली कारखाना तीच सांभाळत होती.

“बाबा, एकदा बंद केलं की कागद पुन्हा नीट चालायला अर्धा दिवस जातो. कुणी गेलं तरी मशीन थांबवायचं नाही, हा नियम तुमचाच आहे,” ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “पण काकांसाठी, तुम्ही म्हणाल तसं.”

नियम त्यांचाच, हे खरं. दोघा भावांनी पत्र्याच्या शेडमध्ये रद्दी भिजवून लगदा ढवळायला सुरुवात केली, तेव्हा मशीन एवढंसं होतं. पहिला कामगार वारला, तेव्हा धाकट्याने कुणाला न विचारता ते बंद केलं होतं. “जन्मभर आपला खडखडाट ऐकला बिचाऱ्याने. जाताना तरी शांत जाऊ दे,” एवढंच तो म्हणाला आणि पायंडा पडला. पुढे शेड गेली, दुसरं मशीन आलं, मग हे, गल्लीएवढं लांब. माणसंही वाढली आणि मरणंही. शेवटी थोरल्यांनी तो पायंडा मोडला. त्या दिवसापासून धाकटा त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा. आज ना उद्या राग निवळेल म्हणत म्हणत मोकळं बोलणं राहूनच गेलं. थोरल्यांना आता त्याचं फार वाईट वाटत होतं.

खिशातला फोन थरथरला. पुतण्या होता.

“काका, वळलो आम्ही. गाडी हळू घ्यायला सांगितलीय.”

“घ्या, सावकाश घ्या. मशीन बंद करतोय मी. आईला सांग तुझ्या.”

फोन ठेवून ते मोठ्या खिडकीकडे वळले. वळता वळता नजर मशीनवर गेली. ओल्या कागदाच्या कडेला बारीक लाट उठत होती.

“ही कड कधीपासून अशी?”

“आत्ताच, साहेब.”

“सैल पडलाय कागद. जरा ताण दे. सांभाळून, फाटेल.”

“बाबा, पलीकडची कडपण बघा,” मुलगी वाकून म्हणाली.

“बघितली. अजून थोडा दे. अजून. हां, पुरे.”

मशीन बंदच करायचं तर कडेची फिकीर कशाला, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. लाट हळूहळू बसली. कागद सपाट, एकसारखा धावू लागला. थोरल्यांनी समाधानाने मान हलवली. सकाळपासून अंगात भरलेला शीण तेवढ्यापुरता उतरला होता.

मग त्यांनी खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा होता. फाटकाशी उभा असलेला वॉचमन काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत होता.

मुलीने तोंडावर हात नेला. फोन पुन्हा थरथरला.

“काका, बराच वेळ थांबलो होतो आम्ही फाटकाशी,” पुतण्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मग आईच म्हणाली, चला आता. भाऊजी कामात असतील.”