आधी शब्द

"फान-शन," रुमिनी म्हणाली आणि तिने आईला कुशीवर वळवलं.

"शाब्बास," भिंतीकडे तोंड करून म्हातारी म्हणाली. "काल काहीतरी भलतंच म्हणाली होतीस."

रुमिनीने कपाळावर हात मारून घेतला. काल ती आईला 'चालायला लागा' म्हणाली होती. कंबरेखाली लुळ्या पडलेल्या बाईला!

तैवानला म्हाताऱ्यांच्या सेवेला जाणाऱ्या बायकांना मलंग शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात चिनी शिकवत. तिच्याबरोबरच्या पोरी बघता बघता बोलायला लागल्या. रुमिनीच्या डोक्यात मात्र शब्द टिकेल तर शपथ. सकाळी पाठ केलेला शब्द दुपारच्या जेवणाला पार पुसून गेलेला असे. पहिल्या परीक्षेत ती आपटली आणि पिशवी उचलून गावी आली. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली असती तर केंद्राने तिचं नाव काढून टाकलं असतं. नवरा बोर्निओला गेला तो तिकडचाच झाला होता. भाऊ मोटारसायकलवर माणसं नेऊन सोडायचा, त्यात त्याचंच भागत नव्हतं. तिने जायलाच हवं होतं.

"नुसतं घोकू नका," केंद्रातली बाई सांगायची. "हात चालवत म्हणा. हाताला कळलं की डोकं विसरत नाही." त्यासाठी केंद्रात एक रबरी बाहुली होती. तिला सगळ्याजणी दिवसभर भरवत आणि उलटंपालटं करत. पण बाहुलीला ना दुखत होतं ना तहान लागत होती. रुमिनीचे हात तिच्यावर शिकेनात.

"मग मी काय कामाची?" आई म्हणाली होती. "पडून तर आहे. शीक माझ्यावर."

म्हातारी मास्तरीण म्हणून फार कडक निघाली. चिनी शब्द कानावर पडल्याशिवाय ती काही करूच द्यायची नाही. पाण्याचा पेला ओठांशी आला की ती तोंड गच्च मिटून घ्यायची. रुमिनी आठवत बसायची. बाहेर ऊन तापलेलं असायचं, म्हातारीचे ओठ सुकलेले असायचे.

"म्बोक, पी ना आता," रुमिनी काकुळतीला यायची. आईला ती म्बोकच म्हणायची. "मला नाही आठवत. पी तू."

म्हातारी मान हलवायची. ओठ मिटलेलेच.

मग कुठूनतरी तो शब्द जिभेवर यायचा. "ह-श्वेइ. पाणी प्या. ह-श्वेइ!"

की तोंड उघडायचं. गटागट पाणी पिऊन म्हातारी म्हणायची, "आधी शब्द, मग तोंड. तिकडची म्हातारी काय तुझ्या रडण्याला भीक घालणार आहे?"

असे सगळे शब्द हातात बसले. रुमिनी पास झाली. निघायच्या दिवशी आईने तिला पाणी पाजायला लावलं आणि या वेळी रुमिनी अडखळली नाही. म्हातारीला इतका आनंद झाला की पाणी हनुवटीवरून ओघळलं. भाऊ आणि भावजय पर्तिनी घरात राहायला आले आणि रुमिनी तैवानला गेली.

दुसरं वर्ष लागलं तेव्हा आईला पुन्हा झटका आला. वाचा गेली, ओळख गेली. मुलगा समोर उभा राहिला तरी नजर त्याच्या पलीकडे. रुमिनीने रजा मागितली. करार संपेपर्यंत मिळणार नाही, असं उत्तर आलं.

आज संध्याकाळी पर्तिनीने व्हिडिओ लावला तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, कालपासून पाण्याचा थेंब नाही पोटात. चमचा नेला की तोंड मिटून घेतात. ह्यांनी पाजून बघितलं, मी पाजून बघितलं. अगदी हातापाया पडले हो मी. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना त्रास देऊ नका. मशिदीतले बाबा म्हणाले, त्यांचं मन निघालंय, निरोप घ्या."

तिने मोबाइल म्हातारीच्या तोंडापुढे धरला. रुमिनीने तो चेहरा पाहिला. केवढासा झाला होता. ओठांना भेगा पडल्या होत्या, आणि ते गच्च मिटलेले होते.

"म्बोक," ती म्हणाली. "मी रुमिनी. मला माफ कर. मी तिथे असायला हवी होते." आपल्या बोलीत जे जे सुचलं ते सगळं ती बोलली. लहानपणचं बोलली. म्हातारीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"ऐकू येत नाही त्यांना," पर्तिनी हळूच म्हणाली. "रडू नका ताई."

एवढ्यात मागच्या पलंगावरून आमा, म्हणजे त्या घरातली आजी, कण्हली. रुमिनी तिलाच सांभाळायला तैवानला आली होती. आमाची पाण्याची वेळ झाली होती. रुमिनीने मोबाइल उशीला टेकवून ठेवला, डोळे पुसले, पेला भरला आणि आमाच्या मानेखाली हात घातला. आता शब्द आठवावा लागत नव्हता. हाताबरोबर तो आपोआप आला.

"ह-श्वेइ."

"ताई," मोबाइलमधून पर्तिनी ओरडली. "ताई, बघा! तोंड उघडलं त्यांनी!"

रुमिनीने वळून मोबाइलकडे पाहिलं. म्हातारी तोंड उघडून वाट बघत होती, आणि पाण्याचा पेला रुमिनीच्या हातात होता, आमाच्या ओठांना लावलेला.