घाटातली तार

कुंभार्ली घाट उतरणाऱ्या ट्रकनं ब्रेक लावताना तयार होणारी वीज डोक्यावरच्या तारेत सोडायची आणि चढणाऱ्यानं ती ओढून घ्यायची, अशी रीतच पडली होती. भिवा म्हणालेला, "आक्का, देवाशपथ, समोरून मीच उतरतोय. निर्धास्त निघा."

भावाच्या शब्दावर शेवंतानं नवऱ्याला जड बॅटरी घरीच काढून ठेवायला लावली. तिच्या जागी कोळंबीचे चार क्रेट जास्त बसले.

अर्ध्या चढावर ट्रक थांबला. कोळंबीवरचा बर्फ पाझरू लागला. तेवढ्यात वळणावरून भिवाचा ट्रक उतरला. तारेला टेकणारा टपावरचा दांडा खाली पाडलेला. सगळी वीज तो आपल्याच बॅटरीत भरत होता. ट्रक न थांबता शेजारून गेला.

"विसरला असेल गं," नवरा म्हणाला.

"विसरला असता," शेवंता हळूच म्हणाली, "तर मला बघून काच वर केली नसती."