दुसरी केस

आमचं आरोग्यविषयक पोर्टल लहान, पण माझे दोन नियम भिंतीवर ठळक चिकटवलेले: एका केसवर बातमी करायची नाही आणि घरच्यांची केस धरायची नाही.

नाक्यावरच्या हॉस्पिटलात इंजेक्शन देताच नवरा गेला, म्हणून एक बाई त्याची फाईल घेऊन तीनदा आली. "ताई, दुसरी केस मिळू द्या, मग बघतो," म्हणत मी तिन्ही वेळा चहावर तिची बोळवण केली.

महिन्याभराने तेच हॉस्पिटल, तेच इंजेक्शन असलेली फाईल मी उपसंपादिकेच्या टेबलावर आपटली. "घे, मिळाली दुसरी. आत्ताच्या आत्ता लाव बातमी!"

तिने नाव वाचलं, भिंतीकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली,

 

"सर, ही तुमच्या आईंची फाईल. म्हणजे केस अजून एकच."